नेट चालू, पण ऑफिसचा कॉम्प्युटर बंद: एका घरात दोघांना एकच आयपी मिळतो तेव्हा

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना मी आकडे आणि कमांड भराभर सांगून टाकल्या, त्या इथे सावकाश बघता येतील. कानात हेडफोन घालून ट्रेनमध्ये लटकत ऐकलं असेल, तर घरी पोचल्यावर "नेमकं काय करायचं?" या भागाकडे थेट गेलात तरी चालेल. पण आधीची गोष्ट वाचलीत तर बरं. कारण चूक माझी होती, आणि तीच चूक तुम्हीही तुमच्या घरी करत असाल असा मला दाट संशय आहे.

पप्पांचा फोन आणि माझं ठरलेलं उत्तर

आमचं घर खारबावला. दिवा-वसई लाईनवर, भिवंडी रोड आणि कामण रोडच्या मधलं स्टेशन. मी नोकरीसाठी ऐरोलीला भाड्याने राहतो आणि शनिवारी घरी जातो. पप्पांचे दोन टेम्पो आहेत. भिवंडीच्या गोडाऊनमधून माल उचलायचा आणि वापी, सुरतकडे सोडायचा, हा धंदा. तळमजल्यावरच्या एका खोलीला आम्ही ऑफिस म्हणतो. तिथे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आहे.

आता माल राज्याबाहेर जायचा म्हणजे ई-वे बिल आलं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ते १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. बिलाचा पहिला भाग बहुतेक वेळा माल पाठवणारा भरतो. गाडीचा नंबर ज्यात असतो तो दुसरा भाग, म्हणजे पार्ट बी, आमच्यासारखा ट्रान्सपोर्टवाला भरतो. पार्ट बी भरला नाही तर टेम्पो भरलेला असूनही जागेवरून हलत नाही. म्हणजे ऑफिसमधलं नेट बंद पडणं हा आमच्याकडे रील न दिसण्याचा प्रश्न नाही, तो गाडी उभी राहण्याचा प्रश्न आहे.

गेल्या पावसाळ्यात पप्पांचे फोन सुरू झाले. "नेट चालत नाही रे." माझा पहिला प्रश्न, "मोबाईलवर वायफाय चालतंय का?" "ते चालतंय. कॉम्प्युटरवर नाही चालत." मग माझं ठरलेलं उत्तर, "राउटर बंद करून चालू करा." कधी चालू व्हायचं, कधी नाही. झालं तर विषय संपला. नाही झालं तर मी म्हणायचो, "पप्पा, तुम्ही काहीतरी दाबलं असेल." नेटवाल्याला फोन केला तर तो तपासून सांगायचा की लाईन ओके आहे. आणि लाईन खरंच ओके होती.

एका रात्री टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर जेवून तयार, आणि कॉम्प्युटर पुन्हा तसाच. ऑफिसच्या खोलीत मोबाईलची रेंज जेमतेम, म्हणून पप्पा गच्चीवर गेले आणि मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर पार्ट बी भरला. चष्मा खालीच राहिला होता. गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला. ८ च्या जागी ३. वाटेत तपासणीत गाडी थांबली. नंबरातल्या एखाद-दुसऱ्या आकड्याच्या चुकीसाठी गाडी अडकवून ठेवायची नाही, किरकोळ दंड घ्यायचा, असं सप्टेंबर २०१८ चं जीएसटीचं परिपत्रक आहे. त्यामुळे हजार रुपयांवर सुटलो. पण माल उशिरा पोचला, आणि ज्या पार्टीचा माल होता तिने पुढची दोन लोडिंग दुसऱ्याला दिली.

त्या शनिवारी मी घरी गेलो तेव्हा पप्पा काही बोलले नाहीत. फक्त डिझेलच्या हिशोबाची वही माझ्यापुढे ठेवली.

वहीत काय होतं

वहीच्या शेवटच्या पानांवर त्यांनी प्रत्येक वेळची नोंद ठेवली होती. "लाईट १०.२० गेली, १०.३० आली, नेट बंद." "लाईट ६.०५ गेली, ६.१२ आली, नेट बंद." मधेच एक, "लाईट दुपारी ४ तास नव्हती, नेट चालू." अजून एक, "लाईट सकाळपासून नाही, संध्याकाळी आली, नेट चालू."

मी दोनदा वाचलं. लाईट थोडा वेळ गेली की बिघाड, जास्त वेळ गेली की सगळं ठीक! वाटतं त्याच्या बरोबर उलटं.

एका नोंदीपुढे पप्पांनी मराठीत लिहिलं होतं, "कोपऱ्यात मेसेज आला, आयपी कॉनफलिक." तो मेसेज दोन महिने त्या वहीत होता. फोनवर मी एकदाही विचारलं नव्हतं की स्क्रीनवर काही लिहून येतं का.

आणि आईचं वेगळंच म्हणणं होतं. तिच्या मोबाईलवर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र अधूनमधून "ऑफलाईन" दाखवायचं. ते आम्ही सगळ्यांनी कॅमेऱ्याचं दुखणं म्हणून सोडून दिलं होतं. मी पप्पांना विचारलं, "कॅमेरे कधी लावले?" "एप्रिलमध्ये." "आणि नेटचं हे कधीपासून?" ते म्हणाले, "मे-जूनपासून." दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं.

आधी समजून घेऊ: गाळा नंबर आणि गेटवरचा वॉचमन

भिवंडीची पोरं गोडाऊनच्या कंपाऊंडमध्ये कधी ना कधी गेलेली असतात, म्हणून तेच उदाहरण घेतो. मोठं कंपाऊंड आहे, आत ओळीने गाळे. बाहेरून माल येतो तेव्हा त्यावर लिहिलेलं असतं, "गाळा नंबर १०." हमाल नंबर बघतो आणि माल उतरवतो. आता समजा दोन गाळ्यांवर १० रंगवलेलं आहे. अर्धा माल इकडे, अर्धा तिकडे. दोघेही म्हणणार, "आमचा माल आलाच नाही." रस्ता चांगला आहे, गाडी वेळेवर आली आहे, तरी माल गायब.

घरच्या नेटवर्कमध्ये कंपाऊंड म्हणजे तुमचं वायफाय आणि त्याला वायरने जोडलेलं सगळं. गाळा नंबर म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस. आणि गेटवरचा वॉचमन म्हणजे राउटर.

तुमच्या फोनचा आयपी बघितलात तर बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा दिसेल. शेजाऱ्याच्या घरी बघितलात तर तिथेही तेच. मग भांडण का होत नाही? कारण हे नंबर कंपाऊंडच्या आतलेच आहेत. आयपीच्या जुन्या पद्धतीत, जी आजही घरोघरी चालते, एकूण नंबर सुमारे ४ अब्ज २९ कोटी. जगातल्या प्रत्येक मशीनला वेगळा नंबर द्यायचा तर ते पुरणारे नव्हते. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी नंबरांचे तीन पट्टे खाजगी म्हणून बाजूला काढले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे कोणीही आपल्या घरात वापरावेत, पण ते बाहेर चालणार नाहीत. बाहेर जाताना राउटर स्वतःचा बाहेरचा नंबर लावतो. नंबर खरंच संपत होते, हे ३ फेब्रुवारी २०११ ला दिसलं. त्या दिवशी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटून झाले.

म्हणजे शेजाऱ्याशी भांडण होणार नाही. भांडण होतं ते एकाच घरात.

नंबर मिळतो कसा?

फोन वायफायला जोडला की तो ओरडतो, "मी नवीन आलोय, नंबर कोण देतं इथे?" राउटर म्हणतो, "१९२.१६८.१.१० घेतोस का?" फोन म्हणतो, "घेतो." राउटर म्हणतो, "झाला तुझा." चार वाक्यांत काम संपलं. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मिळालेला नंबर कायमचा नसतो, तो भाडेकराराने मिळतो. आपला घराचा करार ११ महिन्यांचा असतो, तसा इथे कित्येक राउटरवर २४ तासांचा असतो. साधारण अर्धी मुदत झाली की फोन स्वतःच जाऊन करार वाढवून घेतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

कोणाला कोणता नंबर दिला हे वॉचमन आपल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, बऱ्याच घरगुती राउटरचं हे रजिस्टर लाईट गेली की कोरं होतं.

दुसरी, काही मशीन वॉचमनला विचारतच नाहीत. कॅमेऱ्याचा डीव्हीआर, प्रिंटर यांना बसवणारा माणूस बऱ्याचदा हाताने नंबर टाकून जातो. त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. मशीन नेहमी त्याच नंबरवर सापडावं म्हणून हे करतात, आणि त्यात चूक काही नाही. पण वॉचमनच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद नसते. हा गाळेवाला मागच्या दाराने आलेला असतो.

मग आमच्या घरी काय होत होतं?

एप्रिलमध्ये कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरला १९२.१६८.१.१० असा गोल आकडा टाकला. आमच्या राउटरची वाटणीही नेमकी १० पासूनच सुरू होते, १० ते २५४. रांगेत पहिला येईल त्याला १०.

ऑफिसचा कॉम्प्युटर यूपीएसवर आहे. राउटर आणि डीव्हीआर यूपीएसवर नाहीत. आता दहा मिनिटं लाईट जाते. कॉम्प्युटर जागाच असतो. लाईट येते. राउटर उठतो, रजिस्टर कोरं. वायरने जोडलेला कॉम्प्युटर लगेच नंबर मागतो. रांगेत पहिला तोच, म्हणून मिळतो १०. डीव्हीआर त्या वेळी अजून हार्डडिस्क फिरवत उठत असतो, त्यामुळे १० नंबर रिकामाच दिसतो. मिनिटभराने डीव्हीआर उठतो आणि कोणालाही न विचारता आपल्या १० नंबरावर जाऊन बसतो.

झाले दोन गाळे एका नंबरचे.

यापुढे राउटरला १० नंबरसाठी काही आलं की तो हाक मारतो, "१० कोण?" ही हाक मारायची रीत १९८२ सालची आहे, तिला एआरपी म्हणतात. उत्तर देणारं प्रत्येक मशीन आपला मॅक अ‍ॅड्रेस सांगतं. मॅक म्हणजे गाडीचा चॅसी नंबर समजा, तो कारखान्यातून येतो. आणि आयपी म्हणजे आज गाडी कोणत्या गाळ्यासमोर लागली आहे तो नंबर. आता हाकेला दोघेही ओ देतात. राउटर शेवटी ज्याचं ऐकलं त्याला माल देतो. म्हणून कधी पप्पांचं नेट पाच मिनिटं चालायचं आणि मरायचं, कधी आईचा कॅमेरा दिसायचा आणि जायचा. "पूर्ण बंद" नाही, "चालू-बंद". हीच या दुखण्याची मुख्य खूण.

नंबर घेण्याआधी आणि घेतल्यावर "हा दुसऱ्या कोणाकडे नाही ना?" हे कसं तपासायचं, याचा नीट नियम २००८ मध्ये लिहिला गेला. विंडोज ते तपासतं, म्हणून तर तो कोपऱ्यातला मेसेज आला. आमचा डीव्हीआर तपासत नव्हता.

चार तास लाईट गेली की काय व्हायचं? यूपीएस संपायचा, कॉम्प्युटर बंद. लाईट आल्यावर पप्पा सावकाश येऊन चालू करायचे. तोपर्यंत डीव्हीआर १० वर बसलेला. मग १० रिकामा नाही हे कळायचं आणि कॉम्प्युटरला दुसरा नंबर मिळायचा. म्हणून नेट चालू.

आणि माझं "राउटर बंद करून चालू करा"? पप्पांनी फक्त राउटरचं बटण दाबलं तर डीव्हीआर जागा असायचा, कॉम्प्युटरला दुसरा नंबर मिळायचा, दुखणं तेवढ्यापुरतं बरं. पण घाईत ते बोर्डाचं मेन बटण बंद करायचे, त्याच बोर्डावर डीव्हीआर पण आहे. मग पुन्हा पहिल्यासारखी शर्यत, आणि पुन्हा तोच बिघाड. म्हणजे माझा उपाय कधी बरा करायचा, कधी मीच बिघाड पुन्हा घडवायचो. निम्म्या वेळा लागू पडत होता, म्हणून तर मी कारण शोधलं नाही.

रविवारी सकाळी मी मेन स्विच बंद केला, पाच मिनिटांनी चालू केला. आई टीव्हीसमोरून उठून आली. दोन मिनिटांत कोपऱ्यात मेसेज, नेट बंद, कॅमेरा ऑफलाईन. अजून दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. बिघाड आपल्याला हवा तेव्हा घडवता आला, की मगच तो समजला असं मी मानतो.

नेमकं काय करायचं?

आधी खात्री करा.

१. विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत "आयपीकॉन्फिग", स्पेस, "स्लॅश ऑल" टाईप करा. आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस लिहून घ्या. डीएचसीपी एनेबल्डपुढे "येस" असेल तर नंबर राउटरने दिलाय, "नो" असेल तर कोणीतरी हाताने टाकलाय.

२. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर हे भांडण नाही. नंबर देणारा कोणी भेटलाच नाही म्हणून मशीनने स्वतःच काहीतरी धरलंय. वायर आणि राउटर बघा.

३. कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, त्याचं वायफाय पण बंद करा. आता दुसऱ्या लॅपटॉपवरून किंवा फोनवरच्या पिंगच्या अ‍ॅपवरून त्याच नंबरला पिंग करा. कॉम्प्युटर तर सुटलेला आहे, मग उत्तर देतंय कोण? उत्तर आलं म्हणजे तो दुसरा सापडला. उत्तर नाही आलं तरी लगेच निर्दोष ठरवू नका, काही मशीन पिंगला गप्प बसतात.

४. राउटरच्या पानावर जोडलेल्या मशीनची यादी असते. तिथे मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. त्याचे पहिले सहा आकडे-अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, त्यावरून प्रिंटर की कॅमेरा हे बऱ्याचदा कळतं.

आता उपाय.

घाईत असाल, गाडी उभी असेल, तर "आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज" आणि मग "आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू". नवा नंबर मिळेल, काम होईल. पण हा रात्रीपुरता उपाय आहे.

कायमचा उपाय एकाच तत्त्वावर चालतो. घरात नंबर वाटणारा हात एकच हवा, आणि ज्यांना हाताने नंबर दिलेत त्यांची जागा त्या हाताला माहीत हवी. त्याचे दोन मार्ग.

पहिला, वाटणीचा पट्टा बदला. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये सुरुवात १०० आणि शेवट २०० करा. १०० च्या खालचे नंबर हाताने टाकलेल्या मशीनसाठी राखीव. मी हेच केलं. डीव्हीआर १० वर तसाच राहिला, प्रिंटरला २० दिला, कॉम्प्युटरला राउटर १०० च्या पुढचं देतो. दहा मिनिटांचं काम.

दुसरा, डीव्हीआरला "ऑटोमॅटिक" वर टाका आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकला एक नंबर कायमचा बांधून द्या. याला रिझर्व्हेशन म्हणतात. हे जास्त नीटनेटकं आहे, कारण सगळं एकाच जागी लिहिलेलं राहतं. मात्र फोनला असं बांधताना सांभाळा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनवलेला सांगतात. तो बदलला की तुमचं रिझर्व्हेशन फुकट.

दोन राउटर असतील तर

हा दुसरा नेहमीचा प्रकार, म्हणून थोडक्यात. वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून आपण अजून एक राउटर आणतो आणि खालच्याला वायरने जोडतो. दोघेही स्वतःला वॉचमन समजतात, दोघेही नंबर वाटतात, आणि कित्येकदा दोघांचा स्वतःचा नंबरही १९२.१६८.१.१ च असतो. मग घरातल्या कोणाचंही नेट कधीही जातं. दुसऱ्या राउटरचा स्वतःचा नंबर बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. आता तो वॉचमन नाही, फक्त वायफाय लांबवणारा आहे.

शेवटी

सेटिंग बदलल्यावर मी पुन्हा तीनदा मेन स्विच बंद-चालू केला. तिन्ही वेळा नेट चालू, कॅमेरा चालू. पप्पा बाजूला उभे राहून बघत होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही काही दाबलं नव्हतं. माझीच चूक." ते म्हणाले, "ते मला माहीत होतं रे. तू विचारलंस कुठे?" मग वही घेतली आणि त्या पानाखाली लिहिलं, "१० नंबर कॅमेऱ्याचा. दुसऱ्या कोणाला देऊ नये." त्याचीच एक चिठ्ठी आता राउटरला चिकटवलेली आहे.

गेलेली दोन लोडिंग काही परत आली नाहीत. ती पार्टी अजून दुसऱ्याकडेच माल देते.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरून फोन आला की "बंद करून चालू करा" म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. कधी होतं? त्याच वेळी घरात अजून काय बंद पडतं? स्क्रीनवर काही लिहून येतं का? आणि समोरचा कागदावर काही लिहून ठेवत असेल, तर त्याचा फोटो मागवा. तुमच्या घरी दहा नंबरवर कोण बसलंय ते सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!